मांडीच्या हाडावरची खडबडीत रेष: एक्स-रेमधल्या त्या दोन समांतर रेघा नेमक्या कशाच्या?

मांडीचा समोरून काढलेला एक्स-रे बघितलात तर हाडाच्या मधल्या भागात, बरोबर पोकळीवर, दोन बारीक पांढऱ्या उभ्या रेघा दिसतात. रेल्वेच्या रुळांसारख्या, एकमेकींना समांतर. कधी ठळक, कधी पुसट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हाडावर काहीतरी नवीन थर चढलाय. आणि हाडावर नवीन थर चढणं ही साधी गोष्ट नसते. जंतुसंसर्ग, ताणामुळे पडलेली बारीक भेग, क्वचित हाडाचा कर्करोग, या सगळ्यांत तसं होतं.

पण बहुतेक वेळा या रेघा म्हणजे आजार नसतो. ती असते 'लिनिया अस्पेरा'. प्रत्येक प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडावर, मागच्या बाजूला असणारी एक कड.

हा लेख रेडिओलॉजी शिकवण्यासाठी नाही. मी स्वतः डॉक्टर नाही. एम.एस्सी. करून आता हाडांच्या आकारावर पीएच.डी. करतेय आणि रोजचं काम सीटी आणि एक्स-रेच्या प्रतिमांशी आहे. तुमच्यापैकी जे प्रतिमांवर संशोधन करायचा विचार करताय, मग ते शरीररचना असो, मानवशास्त्र असो, बायोमेकॅनिक्स असो की प्रतिमा वाचणारं सॉफ्टवेअर असो, त्यांच्यासाठी ही एक कड फार चांगला धडा आहे. प्रतिमेत दिसणारी रेघ म्हणजे वस्तू नव्हे. ती वस्तू आणि किरणांची दिशा यांच्यातलं नातं असतं. हे एकदा नीट कळलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

आधी जागा समजून घेऊ

मांडीचं हाड म्हणजे फीमर. शरीरातलं सगळ्यात लांब हाड. लांबी साधारण आपल्या उंचीच्या पाव भागाइतकी. हे हाड सरळसोट काठीसारखं नसतं. बाजूने बघितलं तर ते किंचित पुढे फुगलेलं, म्हणजे मागे अंतर्वक्र असतं. या अंतर्वक्र बाजूला, दांड्याच्या मधल्या तिसऱ्या भागात जी उभी कड असते ती लिनिया अस्पेरा. लॅटिनमध्ये लिनिया म्हणजे रेष आणि अस्पेरा म्हणजे खडबडीत. नावात सगळं आलं.

सांगाडा हाताळायला मिळाला तर मांडीच्या हाडाच्या मागून बोट फिरवून बघा. पुढची बाजू गुळगुळीत लागते, मागे मात्र भाताच्या खाचरातल्या बांधासारखी कड लागते. नीट बघितलं तर ती एक नसून दोन किनारी आहेत आणि मध्ये अरुंद पट्टी आहे. दुसऱ्या पायाच्या बाजूची ती आतली किनार, आणि उलट बाजूची ती बाहेरची किनार.

वर आणि खाली जाताना या किनारी एकमेकींपासून दूर होतात.

वरच्या टोकाला बाहेरची किनार नितंबाच्या मोठ्या स्नायूच्या खडबडीत जागेपर्यंत जाते. आतली किनार वळसा घेत हाडाच्या पुढच्या बाजूला जाणाऱ्या सर्पिल रेषेला मिळते. या दोघींच्या मधून तिसरी एक पुसट रेष लहान ट्रोकॅन्टर नावाच्या उंचवट्याकडे जाते.

खालच्या टोकाला दोन्ही किनारी फाकतात आणि गुडघ्याच्या मागे एक सपाट त्रिकोणी जागा तयार होते. बाहेरची रेष गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे जाते. आतली रेष ॲडक्टर ट्यूबरकल या छोट्या टेंगळापर्यंत पोचते, पण वाटेत थोडी तुटते, कारण तिथून मांडीची मुख्य रक्तवाहिनी गुडघ्यामागे शिरते.

परीक्षेसाठी पाठ करायचं तर एवढं पुरे. पण एक्स-रे वाचायचा तर 'मध्ये जवळ, दोन्ही टोकांना फाकलेल्या' हा आकार डोक्यात पक्का बसायला हवा. पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

या कडेला काय काय चिकटतं

खूप काही. आतल्या किनारीवरून मांडीच्या पुढच्या स्नायूंपैकी व्हॅस्टस मीडियालिस सुरू होतो, बाहेरच्या किनारीच्या वरच्या भागावरून व्हॅस्टस लॅटरॅलिस, तर बाहेरच्याच किनारीवरून बायसेप्स फीमोरिसचं आखूड डोकं. मांड्या जवळ आणणारे ॲडक्टर ब्रेव्हिस, लाँगस आणि मॅग्नस हे स्नायू या दोन किनारींच्या दरम्यान येऊन चिकटतात. शिवाय मांडीचे पुढचे, आतले आणि मागचे कप्पे वेगळे करणारे तंतुमय पडदेही इथेच येऊन मिळतात.

थोडक्यात, मांडीचा आडवा छेद घेतला तर सगळ्या भिंती या एका खांबाला येऊन टेकलेल्या दिसतात.

रक्तपुरवठ्याच्या दृष्टीनेही ही जागा महत्त्वाची आहे. मांडीच्या खोल धमनीच्या छेदक शाखा या कडेला अगदी लागून मागे जातात, आणि हाडाच्या आत रक्त नेणाऱ्या पोषक धमनीचं छिद्रही सहसा या कडेवर किंवा तिच्या आसपास असतं. म्हणूनच अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेत कडेजवळचं आवरण विनाकारण खरवडू नये, असं सर्जन मंडळींना शिकवलं जातं.

मग एक्स-रेमध्ये दोन रेघा का दिसतात?

इथे थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय पुरेल.

एक्स-रे म्हणजे सावली. पण भिंतीवर पडते तशी फक्त बाह्यरेषेची सावली नव्हे. किरणांना वाटेत किती जाडीचं हाड लागलं त्याची ती नोंद असते. जास्त हाड लागलं की तिथे जास्त पांढरं.

समजा, हाडाचा दांडा म्हणजे एक पाइप आहे. बाहेरची त्रिज्या १४ मिलिमीटर, आतल्या पोकळीची ७ मिलिमीटर. अगदी मधोमध जाणाऱ्या किरणाला पुढची ७ आणि मागची ७, अशी एकूण १४ मिलिमीटर भिंत लागेल. पण पोकळीच्या कडेला जेमतेम स्पर्श करून जाणारा किरण घ्या. त्याला लागणारी भिंत म्हणजे १४ च्या वर्गातून ७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ, गुणिले २. उत्तर सुमारे २४ मिलिमीटर. म्हणून एक्स-रेमध्ये हाडाच्या दोन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र आणि मधला भाग राखाडी दिसतो. मध्ये हाड नाही असं नाही, तिथे किरणाला कमी हाड लागतं एवढंच.

आता या पाइपला मागच्या बाजूला एक कड जोडा. सोयीसाठी धरू की किनारींपाशी ती ४ मिलिमीटर उंच आहे आणि दोन किनारींमधली पट्टी २ मिलिमीटर. मधोमधच्या भागात किरणाला आता कुठे १४, किनारीवर १८ आणि मधल्या पट्टीवर १६ मिलिमीटर हाड लागतं. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना जाडी १४, १८, १६, १८, १४ अशी बदलते. दोन उंच जागा, मध्ये थोडी खोल. झाल्या दोन रेघा!

फरक किती पडतो? किरणांची ऊर्जा ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर ४ मिलिमीटर स्नायूच्या जागी ४ मिलिमीटर टणक हाड आल्यावर पार जाणारे किरण साधारण १४ टक्क्यांनी कमी होतात. फार मोठा फरक नाही, पण तो अचानक होतो. कडेच्या बाजू बऱ्याचशा उभ्या असतात, म्हणजे समोरून येणाऱ्या किरणांना जवळजवळ समांतर. त्यामुळे जाडी हळूहळू न वाढता एकदम वाढते. आपली नजर अशा अचानक बदलाला फार तिखट असते. सीमारेषेवर ती फरक आहे त्याहून जास्त करून दाखवते. अर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवलं होतं आणि आजही रेडिओलॉजीत 'माख परिणाम' म्हणून ते शिकवतात.

या दोन रेघांना रेडिओलॉजीत 'ट्रॅक साइन' असं नाव आहे. १९८२ साली मायकेल पिट यांनी 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात लिनिया अस्पेरा आणि तिच्याखालचा हाडाचा जाड भाग, ज्याला पिलास्टर म्हणतात, यांच्या संदर्भात ते वर्णन केलं. पिलास्टर हा मूळचा वास्तुशास्त्रातला शब्द, भिंतीतून थोडा पुढे आलेला खांब. अगदी चपखल नाव आहे.

पाय वळला की रेघा सरकतात

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. हीच मांडी, हेच हाड, पण पाय थोडा वळवला तर काय होईल?

पाय बाहेर वळला की हाडाची पुढची बाजू बाहेर जाते आणि मागची बाजू आत येते. म्हणजे प्रतिमेत लिनिया अस्पेरा आतल्या भिंतीकडे सरकते. पाय आत वळला तर उलट, बाहेरच्या भिंतीकडे. पुरेसं वळण मिळालं की ती कड पोकळीवर न दिसता थेट बाजूच्या भिंतीवर चढते. मग दोन रेघा गायब, आणि त्यांच्या जागी एका बाजूची भिंत जाड आणि खडबडीत दिसायला लागते.

बाजूने काढलेल्या एक्स-रेत तर ती कायमच तशी दिसते. मागची भिंत दांड्याच्या मध्यावर सगळ्यात जाड, आणि तिची बाहेरची कडा थोडी नागमोडी. ज्याला लिनिया अस्पेरा माहीत नाही त्याला ही हाडावरच्या आवरणाची प्रतिक्रिया वाटू शकते.

फोटो काढताना पाय किती वळला होता, ही माहिती म्हणूनच प्रतिमेइतकीच महत्त्वाची. लहान ट्रोकॅन्टर किती दिसतोय यावरून तिचा अंदाज येतो. तो आतल्या बाजूला, थोडा मागे असतो. पाय बाहेर वळला की तो ठळक दिसतो, आत वळला की हाडामागे लपतो. एक्स-रेमध्ये मांडीचं वरचं टोक आलेलं असेल तर आधी तिकडे नजर टाका.

सीटी आणि एमआरआयमध्ये काय दिसतं

सीटीमध्ये सगळा गोंधळ संपतो, कारण तिथे सावल्या एकावर एक पडत नाहीत. मध्यावरच्या आडव्या छेदात हाड गोल न दिसता पाण्याच्या थेंबासारखं दिसतं आणि त्याचं टोक मागे असतं. ते टोक म्हणजे लिनिया अस्पेरा. छेद एकेक करत वर-खाली न्या, टोक हळूहळू रुंद होतं आणि दोन किनारी फाकताना दिसतात. मघाशी सांगितलेला आकार आता डोळ्यांसमोर येतो.

एमआरआयचं तत्त्व वेगळं. टणक हाडात मोकळं पाणी फार कमी आणि त्याचा संदेश क्षणात विरतो, म्हणून ते नेहमीच्या प्रकारच्या प्रतिमांत काळं दिसतं. स्नायूंमधले तंतुमय पडदेही काळेच. त्यामुळे कड कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो हे ठरवणं अवघड जातं. हाडाची उंची मोजायची असेल तर नेहमीच्या एमआरआयपेक्षा सीटी बरा. पण मज्जेत किंवा आवरणाखाली सूज आहे का, हे विचारायचं असेल तर एमआरआयच हवा.

एमआरआयमधली एक खोच लक्षात ठेवा. मज्जेत चरबी असते, बाहेर स्नायूत पाणी. त्यांचे संदेश किंचित वेगळ्या वारंवारतेचे असल्यामुळे चरबीची प्रतिमा एका दिशेला थोडी सरकते. परिणामी एका बाजूची भिंत उगाच जाड आणि समोरची उगाच पातळ दिसू शकते. जाडी मोजण्याआधी ही दिशा कोणती ते तपासा.

गोंधळ कुठे कुठे होऊ शकतो

पहिला गोंधळ, आवरणाची प्रतिक्रिया. हाडावरचं पातळ आवरण चिडलं की ते नवीन हाड घालायला लागतं. लिनिया अस्पेरा वेगळी कशी ओळखायची? ती मधल्या तिसऱ्या भागात असते, वर-खाली हळूहळू विरते, पाय वळवला की सरकते, सहसा दोन्ही मांड्यांत सारखी असते, आणि काही आठवड्यांनी परत फोटो काढला तरी तशीच असते. खरी प्रतिक्रिया एका ठरावीक तुकड्यापुरती असते, काळानुसार बदलते, आणि तिच्यासोबत दुखणं, मज्जेतला बदल किंवा शेजारच्या मऊ भागातली सूज असू शकते.

दुसरा गोंधळ, पोषक धमनीचा बोगदा. मागच्या भिंतीतून तिरकी जाणारी एक बारीक काळी रेघ दिसते आणि भेग असल्यासारखी वाटते. हा बोगदा गुडघ्यापासून दूर, म्हणजे बाहेरून आत जाताना वरच्या दिशेने जातो. त्याच्या कडा गुळगुळीत आणि थोड्या पांढऱ्या असतात. ताज्या भेगेच्या तशा नसतात.

तिसरा, गुडघ्याच्या जरा वर, आतल्या-मागच्या बाजूला वाढत्या वयातल्या मुलांत दिसणारा भिंतीचा खडबडीतपणा. ही लिनिया अस्पेरा नव्हे, पण जातकुळी तीच. स्नायू जिथे ओढतो तिथला बदल. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा हा कर्करोगही याच वयात आणि गुडघ्याच्या आसपासच जास्त आढळतो, म्हणून घबराट उडते. जागा आणि रूप अगदी ठरावीक असेल तर या खडबडीतपणाचा तुकडा काढून तपासू नये, असं रेडिओलॉजीची पुस्तकं बजावतात. इथे चुकीच्या वाचनाची किंमत म्हणजे एका धडधाकट मुलाची बायोप्सी आणि घरच्यांच्या झोपा उडालेल्या रात्री.

आता उलट बाजू. 'अरे, ही तर लिनिया अस्पेरा' असं म्हणून खरा आजार सोडून देणं हेही तितकंच धोक्याचं. नव्याने कवायत सुरू केलेले सैनिक आणि धावपटू यांच्यात ॲडक्टर स्नायूंच्या ओढीने याच कडेच्या आतल्या बाजूला आवरण सुजतं, आणि दुर्लक्ष केलं तर तिथे ताणाची भेग पडू शकते. साधा एक्स-रे अशा वेळी नॉर्मल दिसू शकतो. सूज एमआरआयमध्ये कळते. दुसरं उदाहरण, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं घेणाऱ्या व्यक्ती. त्यांच्यापैकी काही थोड्यांत मांडीच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटासा उंचवटा येतो आणि तिथून हाड मोडण्याची शक्यता असते. पाय आत वळलेला असताना लिनिया अस्पेराही बाहेरच्या भिंतीकडेच सरकते हे आठवा. दोन्हींत फरक करायला लांबी बघा. कड लांबवर पसरलेली असते, हा उंचवटा एका जागी असतो. आणि मांडी किंवा जांघ दुखत असेल तर 'नॉर्मल असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

ही कड असते तरी कशासाठी?

इथून खरं संशोधन सुरू होतं.

एक उत्तर यांत्रिक आहे. शाळेतली फूटपट्टी आडवी धरून वाकवली तर सहज वाकते, पण उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही. पदार्थ तेवढाच, फक्त वाकण्याच्या दिशेने तो मध्यापासून दूर ठेवलाय. पुढे फुगलेल्या फीमरला पुढे-मागे वाकवणारा जोर लागतो, आणि मागचा पिलास्टर त्या दिशेने हाडाला ताकद देतो.

दुसरं उत्तर स्नायूंचं. एवढे स्नायू एका रेषेवर ओढतात, म्हणून हाड तिथे वाढतं. हाड आपल्यावरच्या भारानुसार आकार बदलतं, हा विचार ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. तेव्हापासून 'कड मोठी म्हणजे माणूस मेहनती' असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह अनेकांना झालाय. जुने सांगाडे अभ्यासणाऱ्यांना तर विशेष.

पण गोष्ट इतकी सोपी नाही. २००९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एलाझार झेल्झर यांच्या गटाने उंदरांच्या गर्भात दंडाच्या हाडावरची अशीच एक कड अभ्यासली. कडेची सुरुवात करून देतात त्या स्नायुबंधाच्या पेशी. स्नायूंचं आकुंचन लागतं ते पुढच्या वाढीसाठी. म्हणजे कड 'सुरू होणं' आणि 'मोठी होणं' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. २००६ मध्ये ॲन झुमवॉल्ट यांनी प्रौढ मेंढ्यांना पाठीवर वजन बांधून ९० दिवस ट्रेडमिलवर चालवलं. स्नायू चिकटण्याच्या जागांच्या आकारात व्यायामाचा परिणाम आढळला नाही. अर्थात त्या मेंढ्या प्रौढ होत्या आणि काळ ९० दिवसांचाच. वाढत्या वयात, वर्षानुवर्षं काय होतं हा प्रश्न त्यातून सुटत नाही. पण 'कड दिसली, मेहनत सिद्ध' असं म्हणणाऱ्यांना थांबायला लावण्याइतकं हे नक्कीच आहे.

उत्क्रांतीचा धागाही आहे. चिंपांझीच्या फीमरवर आपल्यासारखी ठळक, उंच कड नसते. निअँडरथल माणूस दोन पायांवर चालायचा, दणकट होता, तरी त्याच्या हाडाचा दांडा बराच गोलसर आणि पिलास्टर नसलेला. नुसती ताकद हेच कारण असतं तर त्याची कड आपल्याहून मोठी हवी होती. म्हणजे दांड्याचा आकार, शरीराची ठेवण, वय, अनुवंश, सगळंच विचारात घ्यावं लागतं.

संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी काही गोष्टी

१. काय मोजताय ते आधी ठरवा. मानवशास्त्रात 'पिलास्टर निर्देशांक' वापरतात: मध्यावरचा पुढून-मागचा व्यास, भागिले आडवा व्यास, गुणिले १००. समजा, २९ आणि २६ मिलिमीटर, तर निर्देशांक सुमारे ११२. पण हा आकडा कड उंच असल्यामुळे वाढला की अख्खा दांडाच पुढून-मागे लांबट असल्यामुळे, हे तो सांगत नाही. एकाच आकड्यामागे दोन वेगळी हाडं असू शकतात. छेदाचं चित्र सोबत ठेवा.

२. 'मध्य' म्हणजे नेमका कुठे? हाडाच्या लांबीच्या ५० टक्क्यांवर की डोळ्याला वाटतं तिथे? कड वर-खाली बदलत जाते, त्यामुळे छेदाची जागा हलली तर माप बदलतं. नियम लिहून ठेवा आणि तो सगळ्या हाडांना लावा.

३. पायाचं वळण नोंदवा. एक्स-रेवर काम असेल तर हे अनिवार्यच. नाहीतर तुम्ही कडेतला फरक मोजताय असं वाटेल, आणि प्रत्यक्षात मोजत असाल फोटो काढणाऱ्याने पाय कसा ठेवला होता ते.

४. तीच मापं दोन आठवड्यांनी, आधीचे आकडे न बघता, परत घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या कुणालाही घ्यायला सांगा. दोन मापनांतला फरक दोन गटांतल्या फरकाएवढाच निघाला तर निष्कर्ष काढायला जागाच उरत नाही.

५. सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी प्रतिमांना लेबलं लावत असाल तर 'आवरणाची प्रतिक्रिया' या लेबलाखालच्या मांडीच्या प्रतिमा एकदा स्वतः उघडून बघा आणि रेडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या. लेबल लावणाऱ्याने लिनिया अस्पेराला आजार म्हटलं असेल तर संगणक तेच शिकेल, आणि मोठ्या आत्मविश्वासाने परत सांगेल.

६. वय आणि शरीराचं आकारमान नोंदवल्याशिवाय 'कष्ट' किंवा 'व्यायाम' याबद्दल बोलू नका. तान्ह्या बाळाच्या फीमरवर ही कड जवळजवळ नसते. ती पुढे वाढीबरोबर उठत जाते. म्हणून वेगवेगळ्या वयाचे दोन गट तुलनेला घेतले की फरक निघणारच.

शेवटी एक घरचा अभ्यास. काचेचा जाड बुडाचा ग्लास उजेडासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. त्याच्या अंगावर उभी नक्षी असेल तर आणखी उत्तम. मध्ये काय दिसतं, कडेला काय दिसतं, नक्षीच्या रेघा कुठे दोन होतात आणि कुठे एका बाजूला जाऊन एकच जाड रेघ होते, ते कागदावर काढा. ग्लास तोच आहे, बदलते ती फक्त दिशा. मग मांडीचा एखादा नॉर्मल एक्स-रे समोरून आणि बाजूने, असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.

पुढच्या लेखात याच हाडाच्या वरच्या टोकाचा कोन सीटीवर कसा मोजतात आणि दोन संशोधकांची मापं का जुळत नाहीत, ते बघू. तोपर्यंत काही अडलं तर जरूर विचारा.